परदेशी निघालेल्या सांगलीकरांसाठी: व्हिसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेतून निवृत्त झालो. मुलगी नेदरलँड्सला, भाचा अमेरिकेत. घरातल्यांचे अर्ज भरता भरता विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांचे, मग तासगावच्या पाहुण्यांचे आणि नंतर त्यांच्या पाहुण्यांचे अर्ज माझ्याकडे यायला लागले. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. शुल्क आणि नियम बदलत राहतात, तेव्हा इथला आकडा अंदाजासाठी धरा आणि अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

पासपोर्ट आहे, मग व्हिसा आणखी कशाला?

पासपोर्ट आपलं सरकार देतं. हा माणूस भारताचा नागरिक आहे, एवढंच तो सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो: तुम्ही अमुक कामासाठी, अमुक काळात आमच्या दारापर्यंत येऊ शकता. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस राहू द्यायचं, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून व्हिसा हातात आला तरी सोबतचे कागद पेटीत टाकू नका, हाताशी ठेवा.

घरात कुणाचाच पासपोर्ट नाही. सुरुवात कुठून करायची?

सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर भरायचा, तिथेच जवळचं केंद्र निवडून वेळ घ्यायची. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,००० रुपये. मोठ्या माणसाचा पासपोर्ट १० वर्षं चालतो. लहान मुलांचा साधारणपणे ५ वर्षं चालतो, आणि हे आईवडील हमखास विसरतात. पोलीस पडताळणीसाठी गावच्या ठाण्यातून बोलावणं येतं, तेव्हा अर्जात दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहत असणं गरजेचं आहे.

पासपोर्ट संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर आधी नवा काढा. बऱ्याच देशांना सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) तिथून परतण्याच्या तारखेनंतर तीन महिने आणि दोन कोरी पानं लागतात. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यातले आधीचे व्हिसा पुढच्या अर्जाला आधार देतात.

आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. चालेल का?

माझ्याकडे आलेल्या निम्म्या अर्जांत खरी डोकेदुखी हीच होती. आपल्याकडे मुलीचं नाव लग्नात बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि बँकेच्या खात्यावर तिसरंच काहीतरी राहतं. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि पासपोर्टवर ‘बाळासाहेब’ असं तर घरोघरी आहे. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही पद्धत माहीत असेलच असं नाही.

अर्ज नेहमी पासपोर्टवर जसं नाव छापलंय अगदी तसंच भरायचा. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात ‘सुनीता रमेश’ असेल तर अर्जातही तेच, विमानाच्या तिकिटावरही तेच. बाकीच्या कागदांत फरक असेल तर या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि लग्नाचा नोंदणी दाखला जोडा. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर ती आता ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करून घ्या. आईवडिलांच्या वेळची लग्नं तर बहुतेक नोंदणीविनाच असतात.

जुन्या काही पासपोर्टांवर, विशेषतः आज्यांच्या, आडनावाचा रकाना कोराच असतो. असा एकच शब्द असलेल्या नावाला संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून पर्यटन व्हिसासाठी अडवायला सुरुवात केली. दुबईचं तिकीट काढण्याआधी आजींचा पासपोर्ट उघडून बघा.

व्हिसाचे प्रकार नेमके किती?

प्रत्येक देशाची नावं आणि आकडे वेगळे, पण विचारतात एकच गोष्ट: तुम्ही तिथे करणार काय? फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला निघाला असाल तर पर्यटक किंवा भेटीचा व्हिसा. माल विकायला, बैठकीला, प्रदर्शनाला जात असाल तर व्यवसाय भेटीचा. शिकायला विद्यार्थी, पगार घेऊन काम करायला कामाचा, नवरा किंवा बायको तिथे कामाला असेल तर कुटुंबाचा म्हणजे आश्रिताचा. कायमचं राहायला जाणं हा वेगळाच मामला आहे. आणि वाटेत विमान बदलायला थांबणाऱ्यांचा ट्रान्झिट व्हिसा. हा शेवटचा लोक विसरतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय माणसाला व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या नादात विमान कुठून कुठे जातंय हे न बघता बुकिंग करू नका.

अमेरिकेचे प्रकार अक्षरांवर चालतात: बी-१/बी-२ व्यवसाय आणि पर्यटनाचा, एफ-१ विद्यार्थ्याचा, एच-१बी कुशल नोकरीचा, एच-४ त्यांच्या घरच्यांचा. ऑस्ट्रेलियात आकडे आहेत, भेटीचा ६०० आणि शिक्षणाचा ५००. जर्मनी आणि बाकीचं शेंगेन ‘सी’ म्हणजे ९० दिवसांपर्यंतचा आणि ‘डी’ म्हणजे त्याहून जास्त मुक्कामाचा असं बघतात.

आपल्याकडचे द्राक्ष आणि बेदाणा निर्यातदार दर फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जातात. त्यांना माझं सांगणं असं, की पर्यटक म्हणून जायचं आणि तिथे सौदे करायचे हे करू नका. व्यवसाय भेटीचा व्हिसा घ्या. त्यासाठी तिकडच्या खरेदीदाराचं निमंत्रण पत्र, प्रदर्शनाचा पास आणि आपला निर्यात परवाना लागतो. तो तर तुमच्याकडे असतोच.

व्हिसा न लागणारा देश कुठला?

नेपाळ आणि भूतान. नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना चालतं, मधल्या वयाच्यांना नाही. यावरून पुणे विमानतळावरून परत आलेलं एक अख्खं कुटुंब मला माहीत आहे. मॉरिशसलाही पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची मोकळीक दिली आहे. थायलंडलाही व्हिसाविना जाता येतं, पण मे २०२५ पासून निघण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं आणि ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट समजा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरी बसून निघतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. बालीला उतरल्यावर व्हिसा मिळतो. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या घराने अशा देशापासून सुरुवात करावी असं मी सांगतो. खर्च बेताचा असतो आणि पासपोर्टवर वेळेत जाऊन वेळेत परतल्याची नोंद होते.

युरोपला पाच देश फिरायचेत. पाच व्हिसा लागतील का?

एकच. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत, त्यांचे व्हिसा वेगळे. अर्ज त्या देशाच्या कॉन्सुलेटकडे, म्हणजे वाणिज्य दूतावासाकडे, करायचा जिथे जास्त रात्री राहणार आहात. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवाल त्या देशाकडे. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि राहायचं पॅरिसला, ही युक्ती एजंट सुचवतात. ती पकडली जाते.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि ६ वर्षांखाली माफ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जायचं असेल तर जानेवारीतच हालचाल करा, मार्चनंतर तारखा मिळत नाहीत. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस. हे दिवस मोजताना लोक चुकतात, म्हणून आधीच्या फेरीच्या जाण्या-येण्याच्या तारखा समोर ठेवून मोजा.

एक चांगली गोष्ट. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. मुलीकडे वरचेवर जाणाऱ्या आम्हा आईबापांना याचा फार उपयोग आहे.

मुलगा अमेरिकेत आहे. आम्ही दोघं जायचं म्हणतो. काय काय करावं लागेल?

डीएस-१६० नावाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. इंग्रजीत आहे, लांब आहे आणि वीस-एक मिनिटं काही केलं नाही तर बंद पडतो. पहिल्याच पानावर दिसणारा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा. मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची खातीही विचारतात, ती खरी लिहा. शुल्क १८५ डॉलर, व्हिसा मिळो न मिळो ते परत येत नाही. मग दोन भेटी असतात: आधी अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. पूर्वी ८० वर्षांवरच्यांना मुलाखतीतून सूट असायची. सप्टेंबर २०२५ पासून ती सर्वसाधारण सूट राहिलेली नाही. जुना पूर्ण मुदतीचा बी-१/बी-२ संपून वर्ष झालं नसेल तर मात्र नूतनीकरणाला मुलाखत टळू शकते.

मुलाखत काचेपलीकडून उभ्यानेच होते आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत संपते. मुलगा काय करतो, कुठे राहतो, तुम्ही किती दिवस जाणार, इथे काय करता, पैसे कोण खर्च करणार, एवढंच. इंग्रजी येत नसेल तर तसं सरळ सांगा, मराठीत आणि हिंदीत बोलायची सोय असते. पाठ केलेली इंग्रजी उत्तरं अडखळत म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेत खरं सांगितलेलं फार बरं. आमच्या वहिनींना विचारलं, “मुलाकडे जाऊन काय करणार?” त्या म्हणाल्या, “नातवाला बघायचंय, दिवाळीला परत यायचंय, गाय आहे घरी.” मिळाला व्हिसा.

एक उत्तर मात्र जपून द्या. “सुनेचं बाळंतपण करायला जातोय” असं आपण सहज म्हणतो. घरातल्यांना भेटायला जाणं आणि तिथे कुणाकडे पगारी सांभाळणीचं काम करणं यात त्यांच्या कायद्याने फरक आहे. बाळाला भेटायला, सुनेसोबत राहायला जातोय हेच खरं आहे आणि तसंच सांगावं.

सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई. तरी वयस्करांना मी आदल्या दिवशीच पाठवतो, रात्रभर गाडीत बसून थेट रांगेत उभं राहणं त्यांना जड जातं. मोबाइल आणि बॅग आत नेण्याचे नियम कडक आहेत, ते सोबतच्या माणसाकडे बाहेर ठेवा.

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला, म्हणजे दहा वर्षं तिकडे राहता येईल?

नाही. दहा वर्षं म्हणजे त्या काळात ये-जा करता येईल. प्रत्येक वेळी किती राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिन्यांपर्यंत. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ऑनलाइन बघता येते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला ती काढून फ्रिजवर चिकटवायला सांगा. तारीख ओलांडली तर पुढचे सगळे व्हिसा धोक्यात येतात.

कॅनडाचा सुपर व्हिसा म्हणतात तो काय?

तिथे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या मुलांच्या, नातवंडांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी आहे. एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेवर लागतं, आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा वैद्यकीय विमा.

आम्ही शेतकरी. पगारपत्रक नाही, आयकर नाही. आम्हाला कोण व्हिसा देणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात एक कमीपणा असतो, तो मला सहन होत नाही. चार एकर द्राक्षबाग सांभाळणाऱ्या माणसाचे पाय त्याच्या गावात जितके घट्ट रोवलेले असतात तितके कुठल्या पगारदाराचे असतील? व्हिसा अधिकाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: खर्च करायची ऐपत आणि परत यायचं कारण. तुमच्याकडे दोन्ही आहेत, फक्त ती कागदावर मांडायची सवय नाही.

कागद असे लावा. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, दोन्ही महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात, सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. उसाची कारखान्याची बिलं, निदान दोन-तीन हंगामांची. बेदाणा किंवा हळद सौद्यात गेली असेल तर अडत्याकडच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब. द्राक्ष निर्यातीला गेली असतील तर कंपनीचं बिल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आणि हे पैसे ज्या खात्यात आले त्या खात्याचा उतारा. पट्टीवरची रक्कम आणि उताऱ्यातली जमा रक्कम एकमेकांना जुळल्या पाहिजेत. मी स्वतः पेन्सिलने खुणा करून दोन्ही जुळवतो, नुसती चळत लावून देत नाही. पट्टी रोखीत घेतली असेल तर ही साखळी तुटते. म्हणून पुढच्या हंगामापासूनच पैसे खात्यात घ्या, व्हिसासाठी दोन वर्षांनी उपयोगी पडतील.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण म्हणून विवरणपत्र भरायला बंदी नाही. भरून त्यात ते करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवा. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा अर्ज चालत नाही, दुसरा लागतो, तो कर सल्लागाराकडून भरून घ्या.

अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा. त्यात तुमचं वर्ष लिहा. मी एका तासगावच्या जोडप्यासाठी असं लिहिलं होतं: एप्रिलमध्ये खरडछाटणी झाली की आम्ही मोकळे होतो, ऑक्टोबरला फळछाटणी असते, तेव्हा बागेत मालक हजर नसेल तर वर्ष वाया जातं, म्हणून आम्ही मे ते जुलै जाऊन परत येणार. मागे कोण बघणार त्या भावाचं नावही लिहिलं. यापेक्षा भक्कम परतीचं कारण मला तरी माहीत नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं.

खात्यात किती पैसे असायला हवेत?

राहण्याचा, फिरण्याचा खर्च सहज निघून वर शिल्लक राहावी इतके. बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांचा उतारा मागतात. त्यात अर्जाच्या आधी आठ दिवस एकदम पाच लाख जमा झालेले दिसले तर अधिकारी ते उसने आहेत असंच समजतो, आणि बहुतेक वेळा ते असतातही. मेहुण्याकडून घेऊन दाखवायचे आणि परत द्यायचे, हा उद्योग करू नका. खरंच जमीन किंवा बेदाणा विकून आले असतील तर त्याचा कागद जोडा, काही अडत नाही. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, पगारपत्रकं आणि तिथला त्याचा व्हिसा पुरतो.

ठेवी पतसंस्थेत आहेत. चालतात का?

जोडता येतात, पण मुख्य आधार बँकेचं बचत खातं ठेवा. सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर उतारा इंग्रजीत, त्यांच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसह घ्या. पासबुकाची झेरॉक्स पुरत नाही.

मराठी कागदांचं काय?

इंग्रजी भाषांतर जोडायचं. व्यावसायिक भाषांतरकाराकडून त्याच्या सही-शिक्क्यासह करून घ्या, आणि मूळ मराठी प्रतही सोबत ठेवा. नोकरी किंवा शिक्षणासाठी दाखले न्यायचे असतील तर काही देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो, म्हणजे कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे. आपल्या भागातल्या बहुतेक पदव्या शिवाजी विद्यापीठाच्या, तेव्हा गुणपत्रकांच्या प्रतींसाठी कोल्हापूरची फेरी धरून चाला आणि ते काम सगळ्यात आधी करा.

व्हीएफएस म्हणजे काय? व्हिसा तेच देतात का?

बऱ्याच देशांसाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी ती खासगी कंपनी. ते फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. निर्णय कॉन्सुलेटचा. तिथल्या कुणाशी ओळख असल्याचं सांगून पैसे मागणारा खोटं बोलतोय. बऱ्याच देशांची केंद्रं पुण्यात आहेत, त्यामुळे मुंबई टळते. सकाळची वेळ असेल तर खंबाटकी घाट आणि शिवापूर टोलनाक्याचा हिशेब धरून निघा. उशीर झाला तर पुन्हा तारीख घ्यावी लागू शकते.

पासपोर्टवर पत्ता विट्याचा, गलाईचं दुकान कोईमतूरला. अर्ज कुठे करायचा?

खानापूर, आटपाडी, विट्याकडची हजारो घरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पसरलीत, त्यांचा हा नेहमीचा पेच. शेंगेनला तुम्ही प्रत्यक्षात जिथे राहता तिथलं कार्यक्षेत्र धरतात. कोईमतूरला राहत असाल तर तिकडे, आणि तिथला भाडेकरार किंवा वीजबिल जोडायचं. अमेरिकेला भारतातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो.

तिकीट आधी काढायचं का?

परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. आरक्षण दाखवलं तरी पुरतं, पण ते खरं असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे रुपयांत मिळणारं बनावट तिकीट तपासलं जातं.

मुलीला जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला पाठवायचंय.

शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं. कागदपत्रं खरी आहेत याची ती तपासणी. शिवाय एका वर्षाचा खर्च, सध्या ११,९०४ युरो, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावा लागतो, त्यातून दरमहा ठरलेली रक्कम मिळते. नोकरीसाठी भाषा हाच खरा दरवाजा आहे. नर्सिंगला साधारण बी-२ पातळीची, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची, जर्मन लागते, आणि ती सहा महिन्यांत होईल असं सांगणाऱ्या क्लासवर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी २०२४ मध्ये करार झाला आहे, त्याची सरकारी माहिती आधी वाचा.

अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्यांनी मुलाखतीआधी ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी तिथली सरकारी यंत्रणा) शुल्क भरायचं असतं. जून २०२५ पासून त्यांना समाजमाध्यमांची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो.

एजंट म्हणतो, आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो. जाऊ का?

जाऊ नका. हे मी हात जोडून सांगतो.

मिरजेकडचा एक मुलगा, दहावी नापास, चांगला वेल्डर. आखातात नोकरी म्हणून एजंटने दीड लाख घेतले आणि भेटीच्या व्हिसावर पाठवलं. भेटीच्या व्हिसावर काम करणं हा तिथे गुन्हा आहे. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार निम्मा, आणि तक्रार करायची तर हाच गुन्हेगार. आईने दागिने विकून परतीचं तिकीट काढलं. कंबोडिया आणि म्यानमारमध्ये ‘डेटा एन्ट्री’च्या नावाखाली नेऊन ऑनलाइन फसवणूक करायला लावलेल्या भारतीय मुलांबद्दल तर परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिलेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो समजून घ्या. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असतो, त्याला ईसीआर म्हणतात. सौदी अरेबिया, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारी परवानगी लागते. त्यात त्याचा करार, पगार, मालक सगळं तपासलं जातं. लोकांना ती अडवणूक वाटते. खरं तर ती कष्टकऱ्याची ढाल आहे, आणि टुरिस्ट व्हिसाची वाट दाखवणारा एजंट नेमकी तीच काढून घेतो.

एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ईमायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे खात्यातूनच द्या आणि पावती घ्या. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन-तीन वर्षांसाठी काही शे रुपयांत १० लाखांचा विमा मिळतो, तो आहे का विचारा. कराराची प्रत घरी आईवडिलांकडे ठेवून जा. तिथे अडचण आली तर ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार करता येते, घरच्यांनाही करता येते.

मग पर्यटनाच्या व्हिसासाठी तरी एजंट घ्यावा का?

अर्ज टाइप करायला, वेळ घ्यायला मदत हवी असेल तर जरूर घ्या. पण अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर नात्यातल्या कॉलेजच्या मुलाकडून मराठीत ऐका. माझ्या आतेभावाच्या अर्जात सल्लागाराने त्याला न विचारता एका कंपनीचा व्यवस्थापक करून टाकलं होतं, सोबत पगारपत्रकंही. तो गूळ विकतो. मुलाखतीत त्याने खरं सांगितलं आणि अर्ज खोटा ठरला. फसवणुकीचा शेरा बसला की साधा नकार राहत नाही, ब्रिटन तर दहा वर्षं दार बंद ठेवू शकतं. सही तुमची असते, त्यामुळे जबाबदारीही तुमचीच धरली जाते.

व्हिसा नाकारला. आता?

आधी कारण वाचा. शेंगेनमध्ये ठरलेल्या नमुन्यावर खुणा करून कारण देतात आणि अपील करता येतं. अमेरिकेत बहुतेक नकार २१४(बी) कलमाखाली असतो, म्हणजे तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. त्यावर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करता येतो. काहीच न बदलता आठवड्यात पुन्हा पैसे भरू नका. कागदांत काय कमी होतं ते शोधा, ते दुरुस्त करा, मग भरा. आणि पुढच्या अर्जात ‘कधी व्हिसा नाकारला गेला का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहा. नकार लपवणं नकारापेक्षा महाग पडतं.

व्हिसा आला. काय तपासायचं?

नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा प्रवेश आणि किती दिवस मुक्काम. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. काही देश आता पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लावतच नाहीत, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ईमेलने येतो. त्याचे दोन छापील कागद काढून एक हातपिशवीत ठेवा.

लेकीसाठी भडंग, लोणचं, पेढे नेऊ का?

व्हिसाचा प्रश्न संपला की सगळ्या आया हेच विचारतात. भडंग बिनधास्त न्या, पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचं सामान आहे असं फॉर्मवर लिहायचं. ऑस्ट्रेलियात लपवलं तर दंड होतोच, पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवा. ताजी फळं, बी-बियाणं, कढीपत्ता कुठेच नको. दुबईला निघालात तर पिशवीत आणि मसाल्यात खसखस अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटातच, हातपिशवीत.

माझी बायको दर वेळी दोन किलो भडंग आणि एक किलो बेदाणा भरते. लेकीच्या शेजारच्या डच आजी आता दारातच विचारतात, आणलं का म्हणून.